साऱ्याची तारीख

सुपे हे तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्याचं बाजाराचं गाव. १२ मे १८७५ ला आसपासच्या गावांतून आलेले शेतकरी तिथे जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दंगा म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्यातलं इथे फारसं काही घडलं नाही. लोक एकच गोष्ट मागत होते: कागद. रोखे, खतं, चोपड्या. ज्यानं मुकाट्यानं काढून दिले त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. ज्यानं नकार दिला त्याचं दुकान फुटलं, कुठे घर पेटलं. मग कागदांची होळी झाली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत पसरलं. पोलीस आले, लष्कर आलं, शेकडो माणसं धरली गेली.

शाळेच्या पुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात आणि दोन मार्कांना विचारतात. मला मात्र यातली एक गोष्ट कधीच पचली नाही. भुकेलेला माणूस धान्याचं कोठार फोडतो, हे कळतं. पण कागद जाळायला माणूस कधी उठतो?

साम्राज्याच्या हिशेबाबद्दल सध्या आपल्याकडे जी भांडणं चालतात त्यात हा प्रश्न कुठेच नसतो. एक बाजू म्हणते, इंग्रज आले नसते तर रेल्वे आली नसती, कायद्याचं राज्य आलं नसतं. दुसरी बाजू आकडा फेकते: ४५ लाख कोटी डॉलर नेले. हा अर्थतज्ज्ञ उत्सा पटनाईक यांचा अंदाज, आणि त्यामागे गंभीर अभ्यास आहे. पण मोबाइलवर फिरताना तो इतका फुगीर दिसतो की वाचणारा ‘बापरे’ म्हणतो आणि पुढच्या निरोपाकडे वळतो. दोन्ही बाजू साम्राज्याला वखारीसारखं मोजतात, काय आणलं आणि काय नेलं. इंदापूरच्या, शिरूरच्या, कर्जतच्या शेतकऱ्याच्या घरात साम्राज्य शिरलं ते वखारीतून नव्हे. ते एका तारखेच्या, शेतसारा भरण्याच्या तारखेच्या रूपानं आलं. अमुक दिवशी, अमुक इतके रुपये, रोख. पाऊस पडो न पडो. माझं म्हणणं असं, की युरोपीय साम्राज्यानं जिंकलेल्या माणसांचं काय केलं हे समजून घ्यायचं तर आधी या तारखेपाशी थांबायला हवं. रेल्वे आणि सोनंनाणं नंतर.

मोडी शिकायला बसलं की सरावासाठी कर्जरोख्याचा कागद हमखास हातात येतो. भाषा ठरलेली असते. लिहून घेणार अमुक, लिहून देणार तमुक, ‘कारणे रोखा लिहून दिल्हा ऐसा जे’. मग रक्कम, व्याजाचा दर, मुदत, आणि शेवटी साक्षी. लिहून देणाऱ्याला अक्षर येत नसेल तर त्याच्या नावाशी ‘निशाणी नांगर’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी छोटासा नांगर काढलेला असतो. कुणब्याची सही म्हणजे नांगर. पहिल्यांदा तो नांगर पाहिला तेव्हा मला गंमत वाटली होती. आता वाटत नाही, कारण त्या नांगराच्या वर काय लिहिलंय ते नांगर काढणाऱ्याला वाचता येत नव्हतं. लिहिणारा कुलकर्णी, लिहून घेणारा सावकार, आणि पुढे निवाडा करणारा मुन्सफ, तिघेही त्याच कागदावर विश्वास ठेवणार होते.

१८५९ साली सरकारनं मुदतीचा कायदा केला. रोख्याची मुदत तीन वर्षं. तेवढ्यात दावा लावला नाही तर तो बुडाला. हेतू चांगला होता. जुन्या रोख्यांवर वर्षानुवर्षं व्याज चढत राहू नये, शेतकरी सुटावा. झालं भलतंच. तीन वर्षं भरत आली की सावकार शेतकऱ्याला बोलावी, ‘जुनं फेडतोस की नवं लिहून देतोस?’ फेडायला पैसे नसत. मग मुद्दल अधिक व्याज मिळून नवं मुद्दल, आणि त्यावर नवं व्याज. समजा पन्नास रुपये घेतले, दरमहा दरशेकडा दोन रुपयांनी. तीन वर्षांत छत्तीस रुपये व्याज, नवा रोखा शहाऐंशी रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी तो एकशे अठ्ठेचाळीसाचा. मधल्या काळात सावकारानं एक छदामही जास्तीचा दिलेला नाही, आणि शेतकऱ्यानं नांगर मात्र दोनदा जास्तीचा काढलेला आहे. कोर्टात प्रकरण गेलं की मुन्सफ विचारणार, ही निशाणी तुझी का? होय म्हटलं की हुकूमनामा. आणि बहुतेकदा तेवढंही विचारायची वेळ येत नसे, कारण कुळ कोर्टात हजरच होत नसे. तालुक्याच्या गावी जायचं, वकील गाठायचा, तिथे मुक्काम करायचा, कशाच्या जोरावर? एकतर्फी निकाल, जप्ती, लिलाव.

दंग्याच्या काही महिने आधी, १८७४ च्या अखेरीला, शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका देशमुखावर दीडशे रुपयांच्या कर्जापायी असाच हुकूमनामा झाला आणि त्याला घराबाहेर काढण्याची पाळी आली. गावानं सावकाराला वाळीत टाकलं. न्हावी हजामत करीना, परीट कपडे घेईना, शेतावर कोणी राबेना. सुप्याला पेटलं त्याच्या आधी करड्यात ते असं धुमसत होतं. इथेही गावाचा राग होता तो ‘हुकूमनामा’ या नव्या वस्तूवर. सावकार गावाला नवा नव्हता. पूर्वीही तो व्याज लावी, पण वसुलीसाठी त्याला गावातच राहायचं असे, पाटलाचं तोंड बघायचं असे, कुळ पळून गेलं तर पैसे बुडायची भीती असे. आता त्याच्यामागे कोर्टाचा बेलीफ उभा होता.

मग कर्ज का काढायचं? इथे इंग्रज अधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर तयार होतं: कुणबी उधळ्या आहे, लग्नात पैसा उडवतो. हे उत्तर आजही ऐकू येतं, फक्त ‘कुणबी’च्या जागी ‘शेतकरी’ येतो. लग्नाचा खर्च होता, नाही असं नाही. पण त्या रोख्यांमागे सारा होता, शेतसारा, आणि त्याची कथा मुळातून सांगितल्याशिवाय भागत नाही.

पेशवाई बुडाल्यावर दहाएक वर्षांनी रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी करायला लागला. कंपनीच्या अधिकाऱ्यांना इंग्लंडातल्या हेलीबरीच्या कॉलेजात जे अर्थशास्त्र शिकवत ते तिथे माल्थस शिकवी. प्रिंगलनं तोच सिद्धांत घोंगडीवर बसून लावायचा ठरवला: शेताच्या एकूण उत्पन्नातून सगळा खर्च वजा करायचा, जे निव्वळ उरेल त्याचे पंचावन्न टक्के सरकारचे. कागदावर हे फार न्याय्य दिसतं. पण इंदापूरच्या मुरमाड रानात ‘निव्वळ उत्पन्न’ मोजणार कोण? मोजणी करणाऱ्या कारकुनांनी आकडे बसवले, कुठे लाच घेऊन खाली, कुठे न घेता वर. तालुक्यात वसुली अशी झाली की लोक जमिनी टाकून निघून गेले आणि रानंच्या रानं पडीक पडली. मग १८३६ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नव्यानं पाहणी केली. ही माणसं प्रिंगलपेक्षा शहाणी होती. त्यांनी जमिनीची प्रतवारी केली, दर उतरवले आणि तीस वर्षांसाठी कायम केले. शेतकरी परतले, पडीक जमीन पुन्हा कसली गेली. ‘इंग्रजांनी चांगलंही केलं’ म्हणणाऱ्यांना हा पुरावा हवा तर जरूर घ्यावा, खराच आहे.

पण विंगेटच्या पद्धतीत एक गृहीतक होतं आणि पुढचं सगळं त्यातून आलं. दर मध्यम ठेवायचा, म्हणजे चांगल्या वर्षी शेतकऱ्याकडे शिल्लक राहील आणि वाईट वर्षी तो त्यातून भरेल. त्यामुळे सूट देण्याची गरज नाही. चांगलं-वाईट मिळून सरासरी. लंडनच्या पेढीवर बसून पाहिलं तर यात चूक काढता येत नाही. इंदापूर, बारामती, कर्जत, करमाळा या पट्ट्यात मात्र सरासरी पाऊस नावाचा पाऊस पडत नाही. एक वर्ष ज्वारी कमरेएवढी, पुढची दोन वर्षं कडबासुद्धा नाही. सरासरी काढायला आधी दोन वर्षं जगावं लागतं, आणि त्या दोन वर्षांचा सारा सावकाराकडून येई. शेतकऱ्याच्या घरात ‘शिल्लक’ म्हणून जे असे ते धान्याच्या पेवात असे. सरकारला हवे होते रुपये, आणि तेही हप्त्याच्या दिवशी. त्या दिवशी गावातल्या सगळ्यांनाच धान्य विकायचं असल्यामुळे भाव पडलेला असे.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो योग्य आहे: मराठ्यांच्या राज्यात काय आनंदीआनंद होता? नव्हता. दुसऱ्या बाजीरावानं महाल मक्त्यानं दिले आणि मक्तेदारानं रयतेला पिळून काढलं, ही गोष्ट गावोगाव ठाऊक होती. इंग्रजांचं स्वागत झालं त्याचं एक कारण तेही होतं. पण जुन्या व्यवस्थेत पिळवणुकीइतकीच घासाघीसही होती. पीक बुडालं तर पाटील मामलेदाराकडे जाऊन रडे, सूट मागे, थोडी मिळे, थोडी बाकी राही. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला कौल मिळे, पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि पुढे चढत्या क्रमानं, त्याला इस्तावा म्हणत. या रडारडीत अन्याय होता, वशिला होता. तरी त्यात पावसाला जागा होती. नव्या व्यवस्थेनं वशिला कमी केला आणि त्याबरोबर पाऊसही वगळला.

आता त्यात कापूस घाला. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेतला कापूस मँचेस्टरला जायचा थांबला, आणि मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचं वेड लागलं, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. हे सगळं मुंबईकरांना प्रेमचंद रायचंदच्या नावानं माहीत असतं. घाटावर काय झालं ते कमी माहीत असतं. सावकार आपणहून दारात येऊन कर्ज देऊ लागला, कारण तारण म्हणून कापूस उभा होता. १८६५ च्या वसंतात यादवी संपली, भाव कोसळले, मुंबईतल्या कंपन्या बुडाल्या. नेमक्या याच सुमाराला इंदापूर आणि आसपासच्या तालुक्यांतली तीस वर्षांची मुदत संपत आली. फेरपाहणी करणाऱ्यांनी तेजीच्या काळातले भाव पाहिले, ‘शेतकरी सुधारला आहे’ असं लिहिलं आणि सारा चढवला. काही गावांत तो दीडपटीच्याही वर गेला. उतरत्या बाजारात चढता सारा. सावकारांनी हे ओळखलं आणि नवं कर्ज देणं आखडलं. जुनं तेवढं कोर्टातून वसूल करायला घेतलं.

जाता जाता सांगायला हवं, याच कापसानं इजिप्तही बुडवला. तिथल्या इस्माईल पाशानं तेजीच्या जोरावर युरोपातल्या बँकांकडून कर्जं उचलली, भाव पडल्यावरही उचलतच राहिला, १८७६ साली दिवाळं निघालं, कर्जवसुलीसाठी युरोपीय मंडळ बसलं आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौज उतरली. करड्याच्या देशमुखाला आणि कैरोच्या पाशाला एकाच बाजारानं गाठलं. एकाकडे बेलीफ आला, दुसऱ्याकडे आरमार.

दंग्यानंतर सरकारनं आयोग नेमला. त्याचा अहवाल आजही वाचण्याजोगा आहे, कारण त्यात शेकडो साक्षी आहेत आणि इंग्रज प्रशासनाची चिकाटी जागोजाग दिसते. निष्कर्ष काय? दोष सावकाराचा, कायद्याचा, शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा. सारा? त्याचा फारसा संबंध नाही. आयोगातलाच एक सभासद ऑकलंड कोल्व्हिन यानं वेगळं टिपण लिहून साऱ्याकडे बोट दाखवलं. पुणे सार्वजनिक सभा तर आधीपासून हेच ओरडून सांगत होती. पण सरकारला सावकार हा सोयीचा आरोपी होता. तो परका होता, मारवाडी किंवा गुजर होता, गावाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. गावात कर्ज देणारे ब्राह्मणही होते. दंगेखोर त्यांच्याकडे फारसे वळले नाहीत, आणि पुढे आपल्या सामूहिक आठवणीतूनही ते बेमालूम गळाले. सावकाराला निर्दोष ठरवण्याचा माझा अजिबात विचार नाही. शंभराचे तीनशे करणारा माणूस कोणत्याही राज्यात लुटारूच. पण साऱ्याची रक्कम वेळेवर खजिन्यात पडायची ती त्याच्याच हातून, हे मामलेदाराला पक्कं ठाऊक होतं. त्याला दंड करता येईल, पण त्याच्यावाचून हप्ता भरला जाणार नाही, ही खरी अडचण होती.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता. कोर्टानं नुसती निशाणी न पाहता रोख्यामागचा खरा व्यवहार तपासावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, हप्ते बांधून द्यावेत. चांगला कायदा. कागद जाळणाऱ्यांनी तो मिळवला, असं म्हणायला हरकत नाही. साऱ्याची तारीख मात्र त्या कायद्यात कुठेच नव्हती.

आणि कायदा येण्याच्या आधी दुष्काळ येऊन गेला होता. १८७६ चा पाऊस गेला, पाठोपाठ दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटननं १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल दुष्काळी कामांवरची मजुरी आखडायला दक्षिणेत हिंडत होता. टेंपलचा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण हा माणूस राक्षस नव्हता. तीनच वर्षांपूर्वी, १८७४ साली, बिहारात दुष्काळ पडला तेव्हा बंगालचा कारभार त्याच्याकडे होता. ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून त्यानं लोक वाचवले होते. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली का? उधळपट्टी केली म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली. धडा शिकलेला टेंपल दक्षिणेत आला आणि त्यानं ठरवलं: दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि एक आणा. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. मुंबई इलाख्यात कामांवरच्या हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारली आणि ते कामं सोडून चालते झाले. उपाशी माणसांचा संप. सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लावून धरली. त्याच वर्षी टेंपल मुंबईचा गव्हर्नर झाला. दुष्काळात किती गेले? सरकारनंच नेमलेल्या दुष्काळ आयोगाचा अंदाज ब्रिटिश मुलखापुरता पन्नास लाखांहून जास्त आहे.

रेल्वेचं काय? रेल्वे होती. मुंबई-सोलापूर मार्गावर गाड्या धावत होत्या, रेल्वे कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती, म्हणजे गाडी तोट्यात गेली तरी भरपाई शेवटी करदात्याच्याच खिशातून. गाडीनं धान्य आणलं, हे खरं. पण गाडी भाव पाहून धावते, भूक पाहून नाही, आणि दुष्काळाच्या त्याच काळात हिंदुस्थानातून इंग्लंडला गहू जात होता. रस्त्यालगतच्या गावात धान्य होतं. ते विकत घ्यायला हातात रुपया नव्हता, कारण तो साऱ्यात आणि व्याजात गेलेला. एवढं सांगून न्यायासाठी हेही सांगतो की नीरा डावा कालवा याच दुष्काळाची कामं म्हणून सुरू झाला, १८८० च्या दशकात त्यातून पाणी खेळू लागलं, आणि आज बारामती-इंदापूरकडे जो ऊस दिसतो त्याचं मूळ तिथे आहे. ज्यांनी माती वाहिली त्यांच्यातल्या कितीजणांची जमीन तोवर त्यांच्या नावावर राहिली होती, ही माहिती कालव्याच्या पाटीवर नसते.

पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणारा एक कारकून या काळात गावोगाव हिंडून आला आणि १८७९ मध्ये रामोशांना घेऊन बंडाला उभा राहिला. वासुदेव बळवंत फडक्यांना आपण आद्यक्रांतिकारक म्हणतो, पुतळे उभारतो. त्यांनी दुष्काळात काय पाहिलं याबद्दल मात्र भाषणांत फारसं येत नाही.

आता खरा अवघड आक्षेप. महाराष्ट्रात साम्राज्यावर बोलताना एक प्रश्न टाळता येत नाही आणि टाळूही नये: शूद्रातिशूद्रांना इंग्रजी राज्यात शाळा मिळाली, नोकरी मिळाली, पेशवाईत काय मिळालं असतं? हा प्रश्न विचारणाऱ्याला राष्ट्रद्रोही ठरवणं हा वरच्या जातींचा जुना पळवाटा शोधण्याचा धंदा आहे. जोतीरावांनी इंग्रजी राज्याकडे ज्या आशेनं पाहिलं त्यामागे आधीच्या राज्याचा अनुभव होता. पण जोतीराव पूर्ण वाचावे लागतात. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये भट कारकुनावर जेवढे फटके आहेत तेवढेच ऐषआरामात दंग गोऱ्या अधिकाऱ्यांवर, शेतसाऱ्यावर आणि कोर्टाच्या खर्चावर आहेत. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं त्याचा कणाच हा आहे की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि तो शिक्षणावर खर्च होतो वरच्या वर्गाच्या. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले. राणीच्या मुलाला रयत दाखवायची तर दागिने घातलेली माणसं दाखवून कसं चालेल?

बाबासाहेबांचंही तेच. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजांना तोंडावर विचारलं की तुमच्या आधी आम्हाला पोलिसांत, सैन्यात जागा नव्हती, ती आता आहे का? विहिरी, देवळं उघडी झाली का? महार वतनाविरुद्ध त्यांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं, खोतीविरुद्ध १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत. वतन आणि खोती या इंग्रजांनी निर्माण केलेल्या गोष्टी नव्हेत, पण जपल्या त्यांनीच. स्वस्तात राबणारा वतनदार महार आणि ठरल्या दिवशी सारा पोचवणारा खोत त्यांना सोयीचे होते. थोडक्यात, साम्राज्यानं काही दारं उघडली, पण वसुली ज्या दारानं यायची ते कधी उघडं ठेवलं नाही, आणि त्या दाराशी जुन्याच जाती पहाऱ्याला बसवल्या. इंग्रजी शाळेत शिकलेला पहिला मुलगा आणि लिलावात गेलेलं शेत, दोन्ही खरे आहेत. अनेकदा एकाच घरातले.

ही केवळ आपली कहाणी असती तर तिला मी साम्राज्याची कहाणी म्हटलं नसतं. सिएरा लिओनमध्ये १८९८ साली इंग्रजांनी झोपडीमागे पाच शिलिंग कर बसवला. कर भरायचा तर शिलिंग कमवायला हवी आणि शिलिंग गोऱ्याच्याच बाजारात मिळते. बाई बुरेह या टेम्ने सरदाराच्या नेतृत्वाखाली लोक लढायला उठले. दक्षिण आफ्रिकेत केप वसाहतीचा पंतप्रधान सेसिल ऱ्होड्सनं १८९४ च्या ग्लेन ग्रे कायद्यात तर आडपडदाही ठेवला नाही. जो आफ्रिकी पुरुष वर्षातले काही महिने बाहेर मजुरीला जाणार नाही त्याच्यावर दहा शिलिंगांचा कर. तिथे कराचा हेतू पैसा नव्हताच, माणूस घरातून बाहेर काढणं हा होता. भाषा, रंग, पीक सगळं वेगळं. रोख रक्कम आणि ठरलेली तारीख मात्र सारखी.

म्हणून पाठ्यपुस्तकात ‘इंग्रजी राजवटीचे फायदे व तोटे’ असा तक्ता पाहिला की मला चीड येते. डाव्या रकान्यात रेल्वे, तारायंत्र, टपाल. उजव्या रकान्यात आर्थिक शोषण. मुलं पाठ करतात. त्याऐवजी एका वर्गाला एक रोखा द्या, त्याच्यावरचा नांगर दाखवा आणि तीन-तीन वर्षांचं व्याज स्वतः काढायला सांगा. माफीच्या मागणीबद्दलही माझं मत थोडं वेगळं आहे. लंडनच्या संसदेनं खेद व्यक्त केला तर करू दे, मला त्यात अडचण नाही. पण माफी मागायला लावणाऱ्यानं आधी आपल्या तहसील कचेरीत एक चक्कर मारावी.

तिथे ‘पैसेवारी’ नावाची गोष्ट अजून भिंतीवर लागते. पूर्वी तिला आणेवारी म्हणत. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, त्यातलं किती आणे आलं यावर साऱ्याची तहकुबी ठरायची. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातला सत्याग्रह १९१८ साली याच मुद्द्यावर झाला: पीक चार आण्यांहून कमी आलं आहे असं शेतकरी म्हणत होते, तर साहेबाच्या कागदावर ते जास्त होतं. आज आण्याचे पैसे झाले. पन्नास पैशांच्या आत आकडा आला की शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. आला एक्कावन्न पैसे, तर काही नाही. शेतसारा आता नावापुरता उरला आहे. पण ज्या पद्धतीनं पीक पाहायचं, कापणी प्रयोगाचे मोजके वाफे काढायचे, सरासरी लावायची आणि मग वर पाठवायचं, ती पद्धत विंगेट ओळखू शकेल इतकी त्याची आहे. आपण तिच्यातली सूट वाढवली, हे कबूल करायला हवं, आणि ते लहान काम नव्हे. तारीख मात्र तशीच ठेवली.

माझ्या ओळखीतला एक शेतकरी करमाळ्याकडे शेती करतो. दरवर्षी नजरअंदाज, म्हणजे पहिल्या अंदाजाची, पैसेवारी लागली की मोबाइलवर फोटो पाठवतो, खाली फक्त आकडा लिहिलेला, ५८ किंवा ६१. गेल्या खेपेला मी विचारलं, ‘दादा, हा आकडा पुढे बदलतो ना?’ म्हणाले, ‘सुधारित लागतो, मग डिसेंबरात अंतिम.’ त्यांचं सोयाबीन तोवर बाजार समितीत गेलेलं असतं, दिवाळीच्या आधीच, कारण सोसायटीचा तगादा थांबत नाही.